वीतभर जमिनीचा हिशेब



अल्लाहची स्तुती करून आणि त्याचे अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) यांच्यावर दरूद व सलाम पाठवून या महिन्याच्या प्रवचनास प्रारंभ करतो.

फेब्रुवारी २०२५ मधील गोष्ट आहे. असरच्या नमाजनंतर आमच्या मशिदीतील एक वृद्ध नमाजी घरी न जाता सफेवरच बसून राहिले. व्यवसायाने ते शिंपी. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत ज्या ४१ इमारती पाडण्यात आल्या, त्यांपैकी एका इमारतीत त्यांनी आयुष्यभराच्या कमाईतून एक खोली घेतली होती. मी जवळ गेलो तेव्हा ते म्हणाले, "मौलाना साहेब, इमारत बेकायदा होती, कोर्टाने पाडली, हे मला पटते. पण एवढे सांगा, चोरी कुणी केली आणि सजा कुणाला झाली?"

त्या दिवशी मी त्यांना सब्र करण्यास सांगितले. ते निमूटपणे उठून गेले. सब्राचा उपदेश योग्यच होता, परंतु त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न या प्रवचनात करीत आहे. आपणही माझ्यासोबत विचार करावा, ही विनंती.

जमीन कशासाठी होती?

प्रथम हे समजून घेऊ की ती जमीन कसली होती. सुमारे ६० एकरांचा तो भूखंड शहराच्या विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेला होता. काही जागा शासकीय होती, काही खासगी. तेथे बनावट परवानग्यांच्या आधारे इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांतील खोल्या गरीब व मध्यमवर्गीय कुटुंबांना विकल्या गेल्या. ८ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या ४१ इमारती पाडण्याचा आदेश दिला. रहिवाशांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, ती फेटाळली गेली. २० फेब्रुवारी २०२५ रोजी शेवटची इमारत जमीनदोस्त झाली आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली.

आपण या प्रकरणाकडे केवळ 'अनधिकृत बांधकाम' म्हणून पाहतो. पण थोडे थांबून विचार करा. ज्या जागेवर शहराचे घाण पाणी स्वच्छ व्हायचे होते, ती जागाच चोरली गेली. मग ते पाणी कोठे गेले? ते नाल्यांत गेले, नाल्यांतून खाडीत गेले, आणि खाडीतून कोळी बांधवांच्या जाळ्यांत व आपल्या ताटांत आले. या शहराच्या सांडपाण्याचा व गोखिवरे येथील कचऱ्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला, याचे मूळ अशा चोरीतही आहे. म्हणून हा गुन्हा एका भूखंडापुरता नाही. तो पाण्यावरचा, हवेवरचा आणि अद्याप जन्माला न आलेल्या मुलांच्या हक्कावरचा दरोडा आहे.

पवित्र कुरआनात यासाठी 'फसाद' हा शब्द आला आहे. आपण तो दंगलीपुरता वापरतो, परंतु कुरआनातील फसाद फार व्यापक आहे. सूरह बकराच्या २०५ व्या आयतीत अशा माणसाचे वर्णन आहे की, ज्याच्या हाती सत्ता वा संधी येताच तो पिके आणि पिढ्या उद्ध्वस्त करण्याच्या मागे लागतो. सूरह रूमच्या ४१ व्या आयतीचा आशय असा की, जमिनीवर आणि समुद्रात जो बिघाड प्रकटला तो माणसांच्या स्वतःच्या हातांची कमाई आहे, आणि त्याची थोडी चव त्यांना यासाठी चाखवली जाते की त्यांनी मागे फिरावे. सूरह बकराच्याच १८८ व्या आयतीत एकमेकांचा माल अन्यायाने खाण्यास आणि जाणूनबुजून दुसऱ्यांचा हिस्सा गिळण्यासाठी तो माल अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवण्यास मनाई आहे. या तीन आयती एकत्र वाचल्या तर बनावट परवानगीपासून तुंबलेल्या नाल्यापर्यंतची सारी साखळी डोळ्यांपुढे येते.

अर्धा निवाडा

आता जमिनीविषयी प्रेषितांचे (सल्ल.) मार्गदर्शन पाहू. ह. सईद बिन जैद (रजि.) यांच्यावर एका स्त्रीने जमीन बळकावल्याचा आरोप केला. त्यांनी उत्तर दिले की, प्रेषितांकडून (सल्ल.) जे मी ऐकले आहे ते ऐकल्यानंतर मी तिची जमीन कशी घेईन? त्यांनी ऐकले होते ते असे की, जो कुणी वीतभर जमीन अन्यायाने घेईल, त्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचा तौक घातला जाईल. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. येथे बोली एकराची नाही, वितीची आहे.

दुसऱ्या एका हदीसचा आशय असा की, जुलमाने रोवलेल्या मुळाला कोणताही हक्क नसतो. फिकहच्या विद्वानांनी यावरून 'गस्ब', म्हणजे बळकावणे, या प्रकरणाचे नियम मांडले. दुसऱ्याच्या जमिनीवर कुणी झाड लावले वा भिंत उभारली तर ती काढून जमीन हक्कदाराला परत करावी. या कसोटीवर न्यायालयाचा आदेश आपल्याला परका वाटू नये. शहराच्या हक्काची जमीन शहराला परत मिळालीच पाहिजे.

परंतु फिकह तेथे थांबत नाही. विकलेली वस्तू विक्रेत्याच्या हक्काची नव्हती असे निष्पन्न झाले, तर खरेदीदाराची पूर्ण किंमत परत करणे विक्रेत्यावर बंधनकारक ठरते. याला 'जमान-ए-दरक' म्हणतात. म्हणजे निवाड्याचे दोन भाग झाले. पहिला, जमीन तिच्या हक्कदाराला. दुसरा, पैसा फसवल्या गेलेल्याला. आमच्या चाचांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. पहिला भाग यंत्रांनी काही आठवड्यांत पुरा केला. दुसऱ्या भागासाठी ते आजही वाट पाहत आहेत. ज्याला फसवले गेले त्याची भिंत पडली आणि ज्याने फसवले त्याची तिजोरी शाबूत राहिली, तर तो न्याय अपुरा आहे, असे म्हणण्यात न्यायालयाचा अनादर नाही.

तपास सुरू झाला आहे, हेही सांगितले पाहिजे. मे २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने १३ ठिकाणी झडती घेतली. त्यात सुमारे ९ कोटी रुपये रोख आणि २३ कोटींहून अधिक किमतीचे दागिने व सोने जप्त झाले. ऑगस्टमध्ये चौघांना अटक झाली आणि ऑक्टोबरमध्ये त्यांपैकी एका वरिष्ठ अधिकाऱ्याची अटक उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरवली. मी येथे कुणाचेही नाव घेत नाही. पुराव्याशिवाय कुणावर दोष ठेवणे हे बोहतान आहे, आणि आपला राग कितीही रास्त असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. आरोपीलाही न्याय मिळाला पाहिजे आणि शिंप्यालाही.

मात्र मखजूम कबिल्याच्या स्त्रीचा प्रसंग आपण विसरू नये. ती प्रतिष्ठित घराण्यातील होती, तिच्याकडून चोरी झाली, आणि तिच्यासाठी शिफारस घेऊन लोक आले. प्रेषित (सल्ल.) संतापले. आधीचे समाज याच कारणाने नष्ट झाले की मोठा चोरी करी तेव्हा त्याला सोडत आणि दुबळा चोरी करी तेव्हा त्याला शिक्षा देत, असे त्यांनी बजावले. प्रत्यक्ष आपल्या कन्येच्या बाबतीतही आपण भेद करणार नाही, असे ते म्हणाले. डंपरचा चालक पकडला जातो आणि डंपर पाठवणारा सापडत नाही, हे दृश्य आपण जेव्हा पाहतो तेव्हा हा प्रसंग आठवावा.

कायदा कोठपर्यंत पोहोचतो?

आपल्या देशात पर्यावरणाचे कायदे नाहीत असे नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने निसर्गाचे रक्षण हे राज्याचे धोरण आणि नागरिकाचे कर्तव्य ठरवले. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. २०१० मध्ये राष्ट्रीय हरित लवाद स्थापन झाला आणि त्याचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. आपल्याच पालघर जिल्ह्यात तारापूरच्या कारखान्यांनी खाडी व समुद्र दूषित केल्याची तक्रार मांगेला समाजाच्या संघटनेने या लवादापुढे नेली. २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक उद्योगांवर भरपाईची जबाबदारी टाकली. मासेमारी करणारा समाज मोठमोठ्या कारखान्यांना जाब विचारू शकतो, हे यातून सिद्ध झाले.

तिवरांच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी तोड व भराव यांना मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात तिवरांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला गेला, आणि त्यांच्या भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामास बंदी घातली गेली. तरीही रात्री राडारोड्याचे डंपर येतातच. शिक्षेविषयी सांगायचे तर, १९८६ च्या कायद्यातील पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद २०२३ च्या जनविश्वास कायद्याने बदलली. आता बहुतेक उल्लंघनांसाठी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आहे. यामागे खटले लवकर निकाली निघावेत हा हेतू सांगितला जातो. परंतु ज्याचा नफा कोटींत आहे, त्याला हा दंड व्यवसायाचा एक खर्च वाटू शकतो, ही भीती राहतेच.

जगातही हाच विचार चालू आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये वानुआतू, फिजी व सामोआ या समुद्राने वेढलेल्या छोट्या देशांनी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे असा प्रस्ताव ठेवला की, निसर्गाचा व्यापक संहार हा युद्धगुन्ह्यांच्या तोडीचा गुन्हा मानावा. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१६ मध्ये जंगल व जमीन जाळून हानी करणे हराम असल्याचा फतवा दिला. मानवी कायदा आणि शरीअत, दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट सांगितली जात आहे.

लाखो दारे

तथापि, बंधू-भगिनींनो, न्यायालय ज्याला पकडू शकले नाही तो सुटला, असे मोमिन समजत नाही. तौबेच्या अटी आपण जाणतो. गुनाह सोडणे, पश्चात्ताप होणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे. आणि गुनाह बंद्यांच्या हक्काचा असेल तर चौथी अट, तो हक्क परत करणे किंवा हक्कदाराची माफी मिळवणे. शेजाऱ्याचे पैसे बुडवले तर एका दारावर जाऊन माफी मागता येते. खाडी बुजवली तर किती दारांवर जाल? ज्या कोळणीची टोपली रिकामी राहिली तिच्या दारावर, ज्याची विहीर खारट झाली त्या वाडीवाल्याच्या दारावर, जुलै २०१८ च्या पुरात ज्यांचे घरसामान वाहून गेले त्या प्रत्येकाच्या दारावर. लाखो दारे आहेत आणि आयुष्य एकच आहे.

खैबरच्या मोहिमेतील प्रसंग पाहा. प्रेषितांच्या (सल्ल.) सेवेत असलेला एक माणूस बाण लागून मरण पावला. लोक त्याला शहादतीची मुबारकबाद देऊ लागले. प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले की वाटणीपूर्वी त्याने सामायिक मालातून उचललेली चादर आग होऊन त्याच्यावर पेटली आहे. हे ऐकताच एक माणूस चपलेचे एक-दोन बंद घेऊन धावत आला. तेही आगीचेच ठरले असते, असे त्याला सांगण्यात आले. सामायिक मालातील एक चादर इतकी जड, तर सामायिक खाडी किती जड असेल?

मी नाही तर दुसरा

आता माझ्या परिसरातील एक प्रसंग सांगतो. एक गृहस्थ आमच्या मशिदीच्या वजूखान्यासाठी मोठी रक्कम घेऊन आले. त्यांचे डंपर चालतात. रात्री ते कोठे रिकामे होतात हे मोहल्ल्यात सर्वांना ठाऊक होते. वजूखान्याच्या फरशा फुटलेल्या होत्या, विश्वस्तांना पैशांची निकड होती. मी त्या गृहस्थांना एकांतात विचारले. त्यांनी खोटे सांगितले नाही, ही त्यांची भली बाजू. एवढेच म्हणाले, "मौलाना, मी नाही टाकले तर दुसरा टाकेल."

मी म्हटले, "भाई, कयामतच्या दिवशी तो दुसरा तुमच्या जागी उभा राहणार नाही. कोणताही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहत नाही." ती रक्कम आम्ही परत केली. अल्लाह पाक आहे आणि पाक तेच स्वीकारतो. ज्या पैशासाठी पाण्याची वाट बुजवली गेली, त्याच पैशाने पाण्याने पाक होण्याची जागा बांधणे माझ्या मनाला मानवले नाही. काही विश्वस्त नाराज झाले. वजूखान्याच्या फरशा पुढे कित्येक महिने तशाच फुटक्या राहिल्या.

आपण मला फार धीट समजू नये, म्हणून माझी चूकही सांगतो. त्याच्या काही वर्षे आधी खाजणावर भराव टाकून बांधलेल्या एका चाळीत नव्या घराच्या कुरआनखानीसाठी मला बोलावले होते. उंबरठ्याबाहेर तोडलेल्या तिवरांचे बुंधे दिसत होते. मी ते पाहिले, हात उचलून बरकतीची दुआ केली, जेवलो आणि परतलो. घरमालक गरीब होता, तो फसवला गेला होता. मला मात्र दिसत होते. माझ्या मौनाने त्या जागेला दुआचा शिक्का मिळाला. याची मी अल्लाहपाशी माफी मागतो.

ह. नोमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केलेली जहाजाची हदीस बुखारीत आहे. काही लोक वरच्या मजल्यावर होते, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी ठरवले की आपल्याच भागात एक छिद्र पाडावे. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सारे बुडतील, हात धरले तर सारे वाचतील. छिद्र पाडणाऱ्याचा हेतूही वाईट नव्हता, हे ध्यानात घ्या.

वसई-विरार हे असेच जहाज आहे. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर. डोंगरावरचे पाणी खाजणे, मीठागरे आणि वाडीतील बावखले यांत विसावत समुद्राकडे जाई. भरतीच्या वेळी तेच प्रदेश पाणी धरून ठेवीत. ती जागा भरावाखाली गेली की पाणी घरांत शिरते. जुलै २०१८ मध्ये मीठागर वस्तीतील लोक अडकून पडले, रेल्वे थांबली, दिवसचे दिवस वीज नव्हती. त्यानंतर नीरी आणि आयआयटी मुंबई यांची सत्यशोधन समिती नेमावी लागली. पुराने हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असा भेद केला नाही.

आपण काय करावे?

पहिले, घर घेताना घाई करू नका. बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि विकास आराखड्यातील आरक्षण यांची खात्री विक्रेत्याने दिलेल्या कागदावरून करू नका. महापालिकेच्या नगररचना विभागात आणि महारेराच्या नोंदीत स्वतः पाहा. नोटरीचा कागद म्हणजे मालकी नव्हे. वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलीला सोबत न्या.

दुसरे, भराव, वाळूउपसा, तिवरतोड यांतील रोजगार हा कसब-ए-हलाल नाही. ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांना केवळ दूषण देऊन भागणार नाही. जमातीने त्यांना दुसरे काम मिळवून देण्यासाठी झटले पाहिजे.

तिसरे, साक्ष लपवू नका. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत स्वतःच्या, आई-वडिलांच्या वा आप्तांच्या विरुद्ध जात असली तरी न्यायासाठी साक्ष देण्याची आज्ञा आहे. माहितीचा अधिकार वापरा, लेखी तक्रार करा आणि तिची पोच ठेवा. एकट्याने नव्हे, दहा जणांच्या सहीने करा. पर्यावरणाच्या हानीची भरपाई मागण्यासाठी पीडित व्यक्ती हरित लवादाकडे पाच वर्षांच्या आत अर्ज करू शकते.

चौथे, आपले अंगण पाहा. बकरी ईदला कुर्बानीचे अवशेष नाल्यात टाकून आपण कोणत्या तोंडाने डंपरवाल्याला बोलणार? पाण्याच्या जागी, वाटेवर आणि सावलीत घाण करणे हे लानत ओढवणारे कृत्य आहे, असा इशारा हदीसमध्ये आहे.

पाचवे, शेजाऱ्यांसोबत उभे राहा. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी जी 'हरित वसई' चळवळ उभी राहिली तिचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो या ख्रिस्ती धर्मगुरूंनी केले. मराठीचा विद्यार्थी म्हणून त्यांचा मला दुहेरी आदर आहे. २०२० मध्ये ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि जुलै २०२४ मध्ये आपल्यातून गेले. नेकीच्या कामात परस्परांना साह्य करण्याची आज्ञा सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीत आहे. तुमच्या वस्तीत उद्या असा लढा उभा राहिला तर पहिल्या रांगेत मशिदीची माणसे दिसावीत.

आमचे चाचा आता भाड्याच्या खोलीत राहतात. मध्यंतरी मी त्यांना जमान-ए-दरकचा नियम समजावून सांगितला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे माझे पैसे मागणे हा माझा हक्क आहे, भीक नव्हे." मी होय म्हटले. आता ते आपल्यासारख्या इतर कुटुंबांची कागदपत्रे गोळा करीत आहेत. सब्र असेही असते.

हे अल्लाह, आम्हाला हलाल छप्पर दे. आमच्या हातून जे बिघडले ते सुधारण्याची बुद्धी आणि बळ दे. ज्यांचे हक्क मारले गेले त्यांना ते मिळवून दे, आणि वीतभर जमिनीच्या ओझ्यापासून आमच्या माना मोकळ्या ठेव. आमीन.